आकांक्षाची पहिली तीट

“डोकं घट्ट धरा,” म्हणत डॉक्टर गीतांजलींनी आकांक्षाच्या उजव्या पापणीवर बॅटरीचा झोत टाकला, तशी त्या पाच महिन्यांच्या पोरीने अमरावतीचा तो दवाखाना डोक्यावर घेतला. तिची आई ललिता दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून उभी होती. महिन्याभरापूर्वी इथेच कळलं होतं, की पापणीवरची लालभडक गाठ रक्तवाहिन्यांची आहे, कॅन्सर नाही. पण वाढून तिने डोळा झाकला, तर पोरीला त्या डोळ्याने नीट दिसायचं नाही.

तेव्हा ललिताच्या सासूबाई, जमुनाबाई, लगेच पुढे सरसावल्या होत्या. “गिरणात वांगं चिरलं व्हतं इनं. मी नाई म्हनत व्हती!”

“आजी, ग्रहणाचा नि गाठीचा काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “हे औषध द्या. आधी पोटभर दूध, मगच औषध. उपाशीपोटी अजिबात नाही.”

झालं! अंजनगावला परतल्यापासून सासूबाईंचा पहारा सुरू झाला. ललिताने औषधाची बाटली उचलली रे उचलली, की “दूध पाजलं का वं आधी?” औषधावर त्यांचा विश्वास बसला, पण वांग्याची माफी काही मिळाली नाही. शेजारच्या लेकरांना त्या हौसेने काजळाची तीट लावत. नातीला कधीच नाही. “इले कोनाची नजर लागते?” त्या एकदा सहज बोलून गेल्या आणि ललिता न्हाणीत जाऊन पोटभर रडली.

“अहो, गाठ उतरतेय!” बॅटरी बाजूला करत डॉक्टर एकदम म्हणाल्या. “रंग बघा किती फिका पडलाय. डोळा पूर्ण उघडतोय! औषध मात्र अजून काही महिने चालू ठेवायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही.”

ललिताला हसू आवरेना नि रडूही. आजही सोबत आलेल्या जमुनाबाईंनी नातीसमोर बांगड्या वाजवल्या, डावीकडे नेल्या, उजवीकडे नेल्या. “पाय ना वं ललिता, दोनी डोयानं पाहून राह्यली पोरगी!”

एसटी स्टँडवर शेजारी बसलेली बाई वाकून म्हणाली, “काय गोड लेकरू हाय वो बाई!”

जमुनाबाईंनी चटकन नातीला पदराआड घेतलं. काजळाची डबी कुठली बरोबर असणार? ती कधी लागलीच नव्हती. त्या सुनेकडे वळल्या. “इकडं पाय. हालू नको.”

रडून ओघळलेलं ललिताच्या डोळ्यातलं काजळ त्यांनी करंगळीवर घेतलं आणि आकांक्षाच्या गालावर टेकवलं.

ललिताने दुसराही डोळा पुढे केला.