लॅमिनेट केलेला रिपोर्ट

साहेब, तुम्ही मला अर्धंच सांगून कामाला लावलंत.

तुमच्या दवाखान्यात मी कंत्राटी सफाईला. कुणीतरी वापरलेली सुई साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकलेली. पिशवी बांधताना ती हातमोज्यातून बोटात घुसली. तुम्ही तासाभरात रक्त घेतलंत, दुपारी कागद दिलात. एचआयव्ही निगेटिव्ह. "रेणुका, काही झालेलं नाही, लाग कामाला," म्हणालात. मी लागले.

माझा नवरा, अमरदीप, मिरजोळ्याला कारखान्यात आहे. त्याला एवढं हायसं वाटलं, की कागद भिजू नये म्हणून लॅमिनेट करून आणला. भिंतीवर लावतोस काय, म्हणून मी हसले. आणि नऊ महिन्यांच्या शमिकाला निर्धास्त पाजत राहिले.

नवव्या दिवशी तिला लस द्यायला सरकारी इस्पितळात गेले. तिथे एचआयव्हीचा सल्ला द्यायला दर्शना मॅडम बसतात. मी आपला ऐटीत रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तारीख बघितली, सुई कधी टोचली ते विचारलं आणि रिपोर्ट हळूच पालथा ठेवला.

"ताई, सुई टोचायच्या आधी तुमच्या रक्तात काय होतं, त्याचा हा हिशेब आहे."

लागण झालीच, तरी ती तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणाल्या. पहिली तपासणी करायचीच असते, पण तिच्यावर थांबायचं नसतं. बहात्तर तासांच्या आत लागण रोखायच्या गोळ्या सुरू करायच्या, अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. माझे बहात्तर तास तुमच्या लाद्या पुसण्यात गेले. आता सहा आठवड्यांनी तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर अंगावर पाजू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

घरी सासूबाईंना काय सांगणार? शमिका पदर ओढायची, मी वाटी-चमचा घेऊन बसायची.

"पोर रडतंय नि तू पाठ करून बसलीस," सासूबाई म्हणाल्या. "आई हायस का पाव्हणी?"

ऐकून घेतलं. छातीचा दगड झाला, ताप आला, मग दूध आटलं.

सहा आठवड्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता भीती बरीच कमी, पण तीन महिन्यांचा झाल्याशिवाय फाईल मिटवायची नाही, असं दर्शना मॅडमनी बजावलं. त्या दिवशी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. शमिकाला मांडीवर घेऊन त्या पेज भरवायला लागल्या.

सुई कुणी टाकली, ते मी विचारत नाही. मला एवढंच सांगा, त्या दिवशी गोळ्यांचं तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? हो किंवा नाही, लेखी द्या. लॅमिनेट मी करून घेते.