शेवटचं मत आण्णांचं

आमच्या घरी नवा अल्बम शुक्रवारी दुपारीच ऐकला जायचा. जुम्म्याची नमाज झाल्याशिवाय तौसीफकाका येऊ शकत नसत, आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, दिवस मावळायच्या आत जेवत. या दोहोंच्या मधे जेवढी जागा उरे, तेवढ्यात इंग्लंड-अमेरिकेतलं सगळं रॉक संगीत बसवायचं. अल्बम संपल्यावर उरलेला वेळ भांडणाला. आई जेवायला हाक मारी तेव्हा भांडण रंगात आलेलं असे. आण्णा पाटावर बसूनही एक वाक्य मागे वळून फेकत, आणि काका दारात चपला घालता घालता ते परत करत.

आण्णांना, बाहुबली मगदूम या माणसाला, अशी गाणी आवडतात यावर उद्यमनगरातल्या कुणाचा विश्वास बसत नसे. तिथं त्यांची लहानशी फाउंड्री होती. तरुणपणी तौसीफकाकांनी मुंबईहून आणलेल्या कॅसेटींवर दोघांचा नाद सुरू झाला. काका पुढे लक्ष्मीपुरीत साउंड भाड्यानं द्यायला लागले, आण्णा लोखंड ओतत राहिले, पण शुक्रवार सुटला नाही.

बैठकीचे नियम आण्णांचे. अल्बम आधी कुणी ऐकायचा नाही. त्यावर कुणी लिहिलेलं वाचायचं नाही. चालू असताना बोलायचं नाही. आणि संपल्यावर लहानानं आधी मत द्यायचं, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्याला मान डोलावता येत नाही. कॉलेजात असल्यापासून पहिलं मत माझं, मग काकांचं, शेवटी आण्णांचं.

आण्णांचं मत फारसं कधी गोड नसे. "ह्यात हवा न्हाय," हा त्यांचा नेहमीचा शेरा. हल्लीचे अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच जोरात वाजतात, ड्रमला मागे सरायला जागा नसते, गाणारा श्वास घेतो तोही पुसून टाकतात, याचा त्यांना राग होता. "ओतकामात हवा ऱ्हायली तर माल जातोय. गाण्यात न्हाय ऱ्हायली तर गाणं जातंय." मागच्या वर्षी एका अमेरिकन पोरीचा अल्बम आला, नुसता बेस, ड्रम आणि तिचा पुटपुटता आवाज. मी म्हणाले, इतकं कमी वाजवून इतकं सांगणारं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, पोरगी झोपेतनं उठून गात्या. आण्णा म्हणाले, "तिला सांगायचं कायबी न्हाय, आणि ते न्हाय हे ती नीट सांगत्या. निम्मे मार्क." त्यावर आम्ही दिवस मावळेपर्यंत भांडलो. अजूनही मला वाटतं, माझं बरोबर होतं.

एकाच बँडवर त्यांचा जीव होता, विंटर टॅनरी. टॅनरी म्हणजे कातडी कमावायचा कारखाना हे कळल्यापासून काका त्यांना सोडत नसत. "आण्णा, कांदा न्हाय, लसूण न्हाय, आणि हे बरं चालतंय?"

"कातडं कानानं खात न्हाईत, पावणं," आण्णा म्हणत.

बँड फुटला होता. मग पुन्हा जमला आणि नवा अल्बम करणार असं कळलं, तेव्हा आण्णा दवाखान्यात होते, नाकाला नळी होती. फुप्फुसांत इतक्या वर्षांची भट्टी साठली होती. "ऐकूनच जातो," असं म्हणाले. अल्बम लांबला. आण्णा थांबले नाहीत, पावसाळ्याच्या तोंडावर गेले.

त्यानंतरही शुक्रवार येतच होते आणि नवे अल्बमही. गगनबावड्याच्या कॉलेजात शिकवायला जाताना एसटीत मी ते कानात घालून ऐकायची. घाट जवळ येई, अल्बम संपे, आणि मला काही म्हणायचं नसे. वाईट वाटला असंही नाही, बरा वाटला असंही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मला मतं आहेत. ती आण्णा समोर बसल्यावर होत होती.

म्हणून विंटर टॅनरीचा अल्बम मी एकटीनं ऐकायचा नाही असं ठरवलं. तो आण्णांचा होता. निदान एकदा तो नियमानं ऐकला जावा, त्याच्यावर खरं, न भिता मत दिलं जावं, एवढंच मला हवं होतं. तारीख कळल्यावर काकांना फोन केला.

"येतो की," काका म्हणाले. मग विचारलं, "तुझी आई?"

"जयसिंगपूरला, मावशीकडे. तिला ही खोली नको वाटते."

शुक्रवारी काका आले. डोक्यावरची टोपी घडी करून खिशात ठेवली. आण्णांच्या खुर्चीकडे न बघता आपल्या जागी, अँप्लिफायरच्या शेजारी बसले. आवाजाचं बटण नेहमी त्यांच्याच हाताशी असे. मी अल्बम लावला.

पहिली चार गाणी मला आवडायला हवी होती. गिटार जुनीच होती, खरखरीत, मधेच थांबणारी. चौथं गाणं वाजत होतं. त्याचा शेवट जोरात होता, आणि तो येतो न येतो तोच काकांनी हात पुढे करून आवाज कमी केला. त्यांनी कधी गाण्याच्या मधे बटणाला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं.

मग पाचवं सुरू झालं. आधी वाद्य नव्हतंच. एका यंत्राचा आवाज होता, हवा आत ढकलणारा आणि सोडणारा, आणि त्याच्या तालावर सावकाश बेस आला. मी तो आवाज ओळखला. शेवटच्या दिवसांत आण्णांच्या उशाशी तो अखंड चालू होता. काकाही त्याच वॉर्डात माझ्या शेजारी बसलेले होते.

गाणं कमी आवाजात, शेजारच्या घरात लावल्यासारखं, वाजून गेलं. सहावं सुरू झाल्यावर काकांनी आवाज पूर्ववत केला. मी शेवटपर्यंत बोलले नाही. नियम होता.

अल्बम संपला.

"काका, तुम्ही आधी ऐकलात."

त्यांनी नाही म्हटलं नाही. "सकाळी ऐकलो. दुकानात, शटर अर्धं पाडून."

"का?"

"आत काय हाय ते बघायला नको? तुला तसंच बसवू व्हय त्याच्यापुढं?" ते खाली बघत होते. "पाचवं ऐकलो आणि म्हटलं फोन करून सांगावं, नको लावूया. मग म्हटलं, पोरगी वाट बघाय लागल्या."

माझ्याकडे रागावण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, "माझं मत. पहिली चार गाणी जुन्या विंटर टॅनरीची नक्कल आहेत, त्यांनीच केलेली. पाचवं मला नीट ऐकू आलं नाही. पुढची विसरले."

"माझं," काका म्हणाले, "झ्याक हाय. एक नंबर."

काकांनी इतक्या वर्षांत कुठल्याच अल्बमला झ्याक म्हटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टोपी खिशातून काढली आणि परत ठेवली.

मग आण्णांची पाळी आली. शेवटच्या मताशिवाय बैठक मोडायची कशी, हे आम्हाला कधी ठरवावं लागलं नव्हतं.

"आण्णांनाबी आवडला असता," काका म्हणाले. "म्हणाले असते, पोरांनी वाट बघाय लावली, पर केलं बरं."

"असं कधी म्हणालेत का ते? कुठल्याही अल्बमला?"

काकांनी खरोखर आठवून बघितलं. "न्हाय," ते म्हणाले. "मग तू सांग. तू लेक हाईस. काय म्हणाले असते?"

मी तोंड उघडलं. ह्यात हवा न्हाय, एवढंच ओठांवर आलं, आणि ते दुसऱ्या अल्बमांबद्दलचं होतं. या अल्बमात तर हवाच हवा होती, एक अख्खं गाणं नुसत्या श्वासावर उभं होतं. त्यावर ते चिडले असते, रडले असते, की निम्मे मार्क म्हणाले असते, मला माहीत नव्हतं. काकांनी त्यांना मऊ केलं होतं. मी जे काही म्हणाले असते, ते माझं झालं असतं. एका पावसाळ्यात आम्ही त्यांना एवढं हरवलं होतं.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले.

ते उठले. दारात चपला घालताना नेहमीच्या जागी थांबले, मागून एखादं वाक्य येईल तशी मान किंचित वळवून. मग स्वतःच म्हणाले, "फुडच्या शुक्रवारी कुणाचा येतोय?"

ग्लासगोच्या एका बँडचा येणार होता. मला माहीत होतं.

"बघितलं नाही मी," मी म्हणाले.

"बरं. मग ऱ्हाऊ दे."

"राहू दे."

त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळल्याचा आवाज आला. मी आत आले. अल्बम छोटाच होता. आण्णांच्या खुर्चीवर अजून पुरतं ऊन होतं, जेवायची वेळ झालेली नव्हती, आणि मधल्या वेळात करण्यासारखं काही नव्हतं.