टायरवरचा हात

"महिनासुद्धा झाला नाही मिस्त्री, चाकांची अदलाबदल करून दिलीत. आणि काल माझी गाडी भर रस्त्यात गिरकी घेते?"

सिस्टर चांगल्याच तापल्या होत्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या हे त्यांचं काम. दिवसाला दहा-बारा घरं, आणि सगळी भिस्त त्या छोट्या पांढऱ्या गाडीवर. काल टँकरनं ओल्या करून ठेवलेल्या वळणावर गाडीचं मागचं अंग एकाएकी पुढे यायला निघालं. कठड्याला घासून गाडी थांबली म्हणून थोडक्यात निभावलं.

"ब्रेक जोरात मारला असेल तुम्ही," मिस्त्री म्हणाले.

"ब्रेकला पायही लावला नव्हता!"

मिस्त्रींना ते पटलं नाही. तीस वर्षं ते टायरचं काम करत होते, तेही हातानं. समोरच्या चकाचक दुकानात मशीन आलं, पडद्यावर लाल-हिरव्या रेघा दिसू लागल्या, तरी लोक यांच्याच पत्र्याच्या शेडमध्ये येत. मिस्त्री डोळे मिटून टायरवरून एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे तळहात फिरवत आणि निकाल देत. एकीकडून मऊ, दुसरीकडून टोचरं लागतंय, म्हणजे चाकं वाकडी चालतायत. हवा कमी भरता. चिरंजीव वळणावर गाडी दामटतात. हे शेवटचं ते चिरंजीवांच्या देखतच सांगत. लोक त्यांना 'मशीन' म्हणत. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मिशीत हसत. टॉर्च त्यांनी कधी वापरला नाही. "हातात जान नसेल त्यानं टॉर्च घ्यावा," असं वर ऐकवत.

त्यांनी जॅक लावून गाडीचं मागचं अंग उचललं, उकिडवे बसले आणि डाव्या चाकाच्या आतल्या कडेला हात घातला. सवयीनं डोळे मिटले.

"हे बघा, एकसारखं झिजलंय. गुळगुळीत आहे. यात काहीही..."

"मिस्त्री, हात बाहेर काढा."

"अहो, पण ऐका तर..."

"काढा म्हणते ना!"

हात बाहेर आला. तर्जनीतून निघालेली रक्ताची रेघ मनगटापर्यंत पोचली होती. टायरच्या आतल्या कडेचं रबर पार संपलं होतं, खालच्या तारा उघड्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एकीनं बोट फाडलं होतं. मिस्त्री त्या बोटाकडे दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखे बघत राहिले.

सिस्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी पिशवी उघडली, जखम धुऊन पट्टी बांधली.

"शुगर आहे?"

"आहे थोडी. गोळ्या घेतो की. आठवल्या की घेतो."

"डोळे मिटा. आता पेनाचं टोक लावते. कुठल्या बोटाला लावलं ते सांगा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. थोडा वेळ वाट पाहिली.

"लावा की," ते म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा पेनाचं टोक त्यांच्या अंगठ्यात रुतलेलं होतं.

मग सगळा उलगडा झाला. सिस्टरांच्या गाडीची पुढची चाकं किंचित बाहेरच्या दिशेला फाकली होती, त्यामुळे पुढचे टायर आतल्या कडेनं झिजत गेले. बाहेरून बघणाऱ्याला ते चांगलेच दिसणार. महिन्यापूर्वी मिस्त्रींनी चाकांची अदलाबदल करताना तेच टायर मागे टाकले होते, हात फिरवून, डोळे मिटून. पुढचा टायर घसरला तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, वेग कमी करून सावरता तरी येते. मागचा घसरला की गाडी सावरायला उसंतच देत नाही. हे ते गिऱ्हाइकांना तीस वर्षं समजावत आले होते. नवे टायर दोनच घेतलेत तर मागे टाका, म्हणून भांडत आले होते. आणि सिस्टरांच्या गाडीला संपलेले टायर त्यांनी स्वतःच्या हातानं मागे लावून दिले होते.

त्यांनी सिस्टरांच्या गाडीला मागे नवे टायर घातले, पुढची चाकं सरळ करून घ्यायला गाडी समोरच्या मशीनवर पाठवली आणि शेडच्या मागच्या खोलीत गेले. बायको शिलाई यंत्रावर बसली होती. अर्ध्या गावाचे कपडे ती शिवायची.

"बोटांना कळेनासं झालंय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"शर्टाची बटणं तुला लावायला सांगतोय तेव्हापासून."

ती यंत्र थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, म्हातारपणी लाडात आलात."

दोघंही हसले, आणि मग दोघांनाही पुढे हसवेना.

मिस्त्रींनी वही काढली. चाकांची अदलाबदल कुणाची कधी करायची त्याची नोंद आणि फोन नंबर तिच्यात असत. बटणांचा त्रास सुरू झाल्यापासून एक्केचाळीस गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

"सगळ्यांना सांगणार?" बायकोनं विचारलं. "अहो, दुकान बसेल आपलं. हातावर तर चाललंय सगळं."

"बसलं तर बसलं. त्या बाईला काही झालं असतं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?"

संध्याकाळपर्यंत ते फोन करत होते. प्रत्येकाला तेच सांगायचं. माझी चूक झाली, हाताला कळत नाही, गाडी पुन्हा दाखवा. माझ्याकडे नको वाटलं तर समोर दाखवा, पण दाखवा. कुणी हळहळलं, कुणी खेकसलं. एका टॅक्सीवाल्याला ती थट्टाच वाटली, त्याला त्यांनी तीनदा फोन केला. विसाव्या फोननंतर घसा बसला. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुढचा नंबर वाचून दाखवला.

पुढचे चार दिवस गाड्या येत होत्या. बऱ्याच सरळ समोरच्या दुकानात वळल्या. मिस्त्री त्या बघत होते आणि आपल्या वहीत त्यांच्या नंबरापुढेही खूण करत होते. शेडमध्ये आलेल्यांच्या चाकांखाली ते टॉर्च घेऊन आडवे होत. गुडघे कुरकुरत, पण एकही कड त्यांनी सोडली नाही. आणखी तीन गाड्यांचे टायर आतून संपलेले निघाले.

सगळ्यात शेवटी शाळेतले मास्तर आले. त्यांची तक्रार वेगळी होती. गाडी घुं घुं आवाज करते आणि स्टिअरिंग हातात ठरत नाही. मिस्त्रींनी टॉर्चनं सगळं पालथं घातलं. कडा ठीक होत्या, रबर भरपूर होतं. डोळ्यांना काही दिसेना.

"आता हात लावा की, मशीन," मास्तर म्हणाले.

"मशीन बंद पडलं मास्तर," मिस्त्री म्हणाले. ते वळले आणि त्यांनी टॉर्च धरून उभ्या असलेल्या बायकोला खाली बसवलं. "फिरव हात. आधी आतून बाहेर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कापड चाचपतेस तसंच."

तिनं बिचकत हात फिरवला. मग उलटा फिरवला, थांबली, आणि पुन्हा फिरवला.

"इकडून जाताना मऊ लागतंय. येताना टोचतंय, करवतीसारखं."

"सगळीकडे?"

"नाही. इथे जास्त."

"कुठे? नीट दाखव."

तिनं पंजा टायरवर घट्ट धरून ठेवला. मिस्त्रींनी आपला पट्टी बांधलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि सावकाश, एकेक इंच, तो टायरवरून पुढे न्यायला सुरुवात केली. तिचा हात गरम आहे की गार, हेही त्यांना कळत नव्हतं.

"सांगत राहा," ते म्हणाले.