लेकीच्या हाटेलात घरची भाकर

आमच्यात लेक आई झाल्याशिवाय तिच्या घरचं माय-बाप खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. रेणूच्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली. मी भंडाऱ्याला तिच्याकडे जाते, पंख्याखाली बसते, पिशवीतली बाटली काढून घोटभर पाणी पिते आणि स्टँडवरचा चहा घेऊन पवनीला परत येते. लग्नाआधी तिला चहाशिवाय काही करता येत नव्हतं. स्वयंपाक शिकली ती तिकडेच. त्यामुळे माझ्या लेकीच्या हाताला मीठ कसं आहे, हे तिच्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक, मला नाही.

हा नियम कुठं लिहिलेला नाही. आमच्या घरी तो भैय्यालाल या नावाने राहतो. नवऱ्याचं नाव मी कागदावर तेवढं घेते.

जावई, अश्विन, काही वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागात नोकरीला होता. तिथे म्हणे मांस शिजवत नाहीत आणि भाजतही नाहीत. लोखंडी पेटीत लाकडाच्या धुरावर दिवसभर ठेवतात, हळूहळू, झोपल्यासारखं. ते वेड घेऊन तो परत आला आणि दोघांनी मिळून भंडाऱ्याबाहेर, वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलाजवळ हॉटेल टाकलं. प्रत्येक ताटासोबत त्याला शोभेल अशी वेगळी बीयर. आमच्या ह्यांनी गल्लीत सांगितलं, "जावयानं साउथचं हाटेल टाकलं," आणि शेजारच्या मंगलाबाईने मला विचारलं, डोसा केवढ्याला देतेत?

तिकडचं लाकूड इकडे कुठून मिळणार? पण वैशाखातल्या वादळात आमच्या परसातला आंबा पडला होता. अश्विनने टेम्पो आणून तो नेला. त्या आंब्याला रेणूचा झोका होता. त्याच्याच फांद्यांवर आम्ही रंगवलेलं सूत वाळत घालायचो. सुताचं पाणी ठिबकून बुंध्याची माती कधी निळी व्हायची, कधी गुलाबी.

पौषातल्या एका रविवारी जायचं ठरलं. सकाळीच हे म्हणाले, "दोन भाकरी टाक. वांगंही दे डब्यात."

"हाटेलात डबा?" मी म्हटलं. "हाटेल हाय ना ते. घर थोडीच हाय?"

"हाटेलात पैसे देऊन खातेत. तुही पोरगी पैसे घेईन का आपल्याजवळून?"

"नाई घेणार."

"मंग घरच झालं."

या माणसाने हातमागावर जन्म काढला. त्याचा धागा असा मधेच तुटत नाही. मी भाकरी टाकल्या. पण त्या दिवशी मी पोटात भूक ठेवूनच निघाले होते. आज लेकीच्या हातचं खायचं, एवढंच मनात होतं. ह्यांच्यासोबत खाता आलं तर बरं, नाहीतर कसं, ते ठरवलं नव्हतं.

एसटीतून उतरलो आणि पुलाच्या अलीकडेच मला आमचं परस भेटलं. खरंच सांगते. धूर होता, पण डोळ्यांत जाणारा नव्हे. निळसर, आळशी, नदीवर आडवा पडलेला. त्याला चिकाचा वास होता, वाळल्या पानांचा होता, कुठेतरी कैरीचासुद्धा. आत खिडकीशी बसलो, तर उन्हाच्या पट्ट्यातून तो धूर सुताच्या लडीसारखा उलगडत होता. दुपार पुढे सरकेना. खाली वैनगंगेत एक डोंगा जागच्या जागी उभा, त्यातला माणूसही पेंगत असावा. मला वाटलं, आता फांदी करकरेल आणि फ्रॉकातली रेणू झोक्यावरून माझ्या अंगावर येईल.

आली ती एप्रनमधली. हाताला तेल, कपाळावर काजळीचं बोट.

"आई, तुले ऊन तर नाई लागून राहिलं?"

मागून अश्विन लाकडी पाट घेऊन आला. त्यावर बोकडाच्या बरगड्या, कोंबडीची तंगडी, मक्याचं कणीस. सोबत चार छोटे ग्लास. तो पूजेला बसवल्यासारखं समजावू लागला, "कोंबडीसोबत ही पिवळी, हलकी. बरगड्यांसोबत ही काळी. हिच्यात भाजलेल्या जवाचा वास येतो, पाहा."

"जावईबापू," हे म्हणाले, "तुमी मेहनत केली. दिसून राहिली." आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. बाजूला पाण्याची बाटली.

वाढणारा मुलगा बिचारा नवा होता. त्याने भिंतीवरची पाटी दाखवली, "काका, बाहेरचं खाणं आणता येत नाई इथं."

"हे बाहेरचं नाई बापा. घरचं हाय."

अश्विनने त्याला डोळ्यानेच आत पाठवलं. स्वतःही गेला. मी हळूच म्हटलं, "अवो, लाकूड आपलंच हाय ना. आपल्या आंब्यावर शिजलं, म्हणजे आपल्याच चुलीवरचं झालं की."

"लेकीले दिलं ते दिलं. दिलेल्यावर मंग हक्क सांगतेत का?"

खरं म्हणजे मला ते आवडलंच.

रेणू समोरची खुर्ची ओढून बसली. डबा पाहिला. हसली नाही, रागावलीही नाही. बोटाने डब्याच्या झाकणावरचा पोचा चाचपत म्हणाली, "बाबा, तुमी ज्याची वाट पाहून राहिले ना, ते होणार नाई आता. डॉक्टरनं सांगतलं. आईले माहीत हाय. तुमाले सांगाची हिंमतच नाई झाली."

ह्यांनी बाटलीचं झाकण उगाच आवळलं.

"आमी दोघं रडून-बिडून मोकळे झालो. मंगच हे काढलं." तिने धुराकडे हात केला. "नियम तुमचा हाय, मी मोडा नाई म्हणत. पण मंग तुमी माह्या घरी कधीच जेवणार नाई. तेवढं सांगून ठेवते."

डोंगा हलला. पाण्यावर एक लांब सुरकुती पडली आणि काठाला येऊन मिटली.

मी बरगडी उचलली. मला कोणाला काही दाखवायचं नव्हतं. हात आपला गेला. मांस हाडावरून असं सुटलं, जसं झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं सुटतं. गूळ होता, मिरी होती, आंबा होता. मग काळ्या ग्लासातला घोट. आधी कडू, मग करपलेल्या पोळीसारखा ओळखीचा. डोक्यात हलकासा झोका लागला. मी दुसरी बरगडी घेतली. रेणू माझ्याकडे एकटक पाहत होती.

"कसं झालं व आई?"

"थांब. खाऊ दे मले."

हे खिडकीबाहेर बघत बसले. मागावर सूत गुंतलं की असेच बसतात. ओढत नाहीत, तोडत नाहीत, नुसते बघतात, कुठून मोकळं होईल म्हणून. मी तीन बरगड्या संपवल्या तरी बघतच होते. मग डबा उघडला. वांगं बाजूला सारलं. भाकर ताटात ठेवून म्हणाले,

"रेणू, याले रस्सा नाई का?"

"रस्सा नसते बाबा याच्यात. हे कोरडंच—"

"कोरडं कसं खाईन माणूस?"

ती उठली. आतून अश्विनचा घाबरा आवाज आला, "रस्सा? रस्सा कुठून आणू?" मग भांड्यांचा खडखडाट. बाहेर आली ती वाडगा घेऊन. पेटीच्या तळाशी दिवसभर जे ठिबकलं होतं ते, काळसर, तुपासारखं चकाकणारं. तिने ते भाकरीवर ओतलं. ह्यांनी भाकर कुस्करली, बोटांनी सावकाश कालवली. पहिला घास उचलला आणि टेबलावरून हात लांब करून रेणूच्या तोंडात दिला. ती चावत राहिली. दुसरा घास त्यांनी स्वतः घेतला.

घास सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मीठ बरोबर होतं. मी वाडग्यातलं बोटाने चाखलं होतं.

"पुढच्या खेपेले जास्त टाकीन," रेणू म्हणाली.

"हाव. टाकजो."

मग मिरी लागली असावी. ते खोकले. स्वतःची बाटली कोपराशी होती, पण त्यांनी रेणूसमोरचा पाण्याचा ग्लास ओढला आणि गटागटा प्यायले. रिकामा ग्लास पुन्हा तिच्यापुढे सरकवला. तिने भरला.

परतीच्या गाडीत उन्हं कललेली. कापलेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं उतरत होतं. आमच्या दोघांच्या कपड्यांना परसाचा वास येत होता. हे मान टाकून झोपले. मांडीवरच्या पिशवीत डबा हलका झाला होता, आणि बाटली मात्र सकाळी भरली तशीच भरलेली, दर खड्ड्याला माझ्या गुडघ्यावर डुचमळत होती.