राहतं घर

धुळ्याच्या कोर्टात अभिमन वकिलांना मान होता, तो त्यांच्या गळ्यामुळे नव्हे. आवाज बारीक, कोट विटलेला. पण पंचनामा हातात आला की त्यातली एखादी ओळ ते अशी उचलत की सरकारी वकिलांच्या तोंडचं पाणी पळे. १९९०च्या फेब्रुवारीत भाईदासला त्यांनी सोडवलं ते अशाच एका ओळीवर.

खटला तसा सरळ होता. पांझरेकाठच्या एका खेड्यात शेवंताबाई नावाची विधवा एकटी राहत होती आणि तिच्या घराची जागा तिच्या पुतण्याच्या, भाईदासच्या डोळ्यांत भरली होती. आदल्या आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी पारोळ्याला भावाकडे गेली, तेव्हा त्याने भरदिवसा कुलूप तोडलं, आत शिरला आणि घर पेटवून दिलं. कलमं दोन लागली, घरफोडीचं आणि आगीचं. दोन्हींची मेख एकच होती. नुसतं कुलूप तोडल्याने घरफोडी होत नाही, ते घर माणसाच्या वस्तीचं किंवा माल ठेवण्याचं असावं लागतं; आणि राहतं घर पेटवलं तर जन्मठेपेपर्यंत जाता येतं, ओसाड भिंती पेटवल्या तर ते निव्वळ नुकसान.

पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘चुलीवर पितळी परात उपडी. परात उचलली असता चूल स्वच्छ सारवलेली, आत राख नाही.’

वकिलांनी ती ओळ तीनदा वाचून दाखवली. सगळ्या घरात राख आहे, फक्त चुलीत नाही. मग इथे रांधत कोण होतं? सामान म्हणाल तर ही एक परात. शेवंताबाई पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, “आखाजीले गावले जातस तधळ चूल सारीसन, परात झाकीसन जातस, साहेब. बठ्ठ्या बाया असंच करतस.”

न्यायाधीश कोकणातले. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, “आखाजी म्हणजे काय?”

“काही नाही साहेब, गावाकडचा एक सण,” वकील म्हणाले. “बाकी सगळी सांगोवांगी.” त्यांची स्वतःची आई जन्मभर आखाजीला चूल सारवून, परात झाकूनच माहेरी जात असे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही मोठी कलमं गळाली आणि भाईदास किरकोळ कलमावर सुटला.

निकालानंतर शेवंताबाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. वकील खाली उतरताना तिने विचारलं, “भाऊ, तुम्हना घर कोन ऱ्हास?”

“मीच राहतो. एकटा.”

“काय पुरावा शे?”

तिने शाप दिला नाही की आकांत केला नाही. कोर्टात ऐकलेला शब्द तिने परत केला, एवढंच. वकील हसले आणि सायकलीला टांग मारून निघून गेले.

मार्चमध्ये एका पक्षकाराने सांगितलं की त्याने घरच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र परत आलं, वर पोस्टमनचा शेरा होता, ‘या घरात कोणी राहत नाही.’ पोस्टमन लोटन पंधरा वर्षांच्या ओळखीचा. वकिलांनी त्याला गाठून झापलं, त्याने कान धरले, आणि त्याच आठवड्यात दुसरं पत्र परत गेलं. मग दूधवाला दारात थांबेनासा झाला. एका सकाळी मीटर पाहणारा माणूस ‘घर बंद’ अशी चिठ्ठी दाराच्या फटीत सरकवून गेला, तेव्हा वकील ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्याने वाकून त्यांना नमस्कारही केला होता.

वकिलांना भीती वाटू लागली, आणि भ्यालेला वकील करतो तेच त्यांनी केलं. ते पुरावे गोळा करू लागले. धुतलेला सदरा रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचा, रेडिओ मोठ्याने लावायचा, खरकटी ताटली खिडकीत ठेवायची. गॅसचा नंबर लागलेला नव्हता, चहा-खिचडी आईच्या जुन्या चुलीवरच होई. त्या चुलीतली राख त्यांनी महिनाभर काढली नाही. कुणी विचारलंच तर ती दाखवता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जनगणनेसाठी घरांना नंबर टाकत कौतिक गुरुजी गल्लीत आले. मूळचे खानदेशातल्याच बोदवडचे, वकिलांच्या चांगल्या माहितीतले.

“वकीलसाहेब, तुम्ही इकडे कुठे?” त्यांनी आपुलकीने विचारलं.

“मी इथे राहतो, गुरुजी.”

गुरुजी ओशाळले. त्यांनी खिडकीतली ताटली पाहिली, वाळत घातलेला सदरा पाहिला, आणि कागदावर ‘रिकामे’ लिहायला घेतलं. वकिलांनी त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच त्यांना स्वयंपाकघरात नेलं. “चूल बघा. सकाळीच चहा केलाय. राख अजून गरम असेल.”

चुलीवर एक पितळी परात उपडी होती, आगीने काळवंडलेली. वकिलांच्या घरात तसली परात नव्हती. गुरुजींनी ती दोन्ही हातांनी उचलली. खाली चूल नुकतीच सारवलेली होती, शेण अजून ओलं होतं आणि त्यावर कुणाच्या तरी चार बोटांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

“राख नाही, साहेब,” गुरुजी हळूच म्हणाले.

आई गेल्यापासून जी बोली वकिलांच्या तोंडी आली नव्हती, ती आपसूक आली. “आखाजीले गावले जातस तधळ चूल सारीसन, परात झाकीसन जातस, गुरुजी. बठ्ठ्या बाया असंच करतस.”

बाहेर निंबाला टांगलेल्या झोक्यावर पोरी कालपासून आखाजीची गाणी म्हणत होत्या. त्यांचा आवाज आत अगदी स्पष्ट येत होता. गुरुजींनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि फार अदबीने विचारलं,

“आखाजी म्हणजे काय, साहेब?”