शुक्रवारचा ऊद

माझ्या हमदीला माशांचं खूळ लागलं ते लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. तोवर आमच्या घरात मासा यायचा तो कढईत जायला. नाईलची बोल्टी, जिरं-लसूण चोळून, पिठात घोळवून. आणि एक दिवस हा बाबा टॅक्सीच्या टपावर काचेची भलीमोठी पेटी बांधून घेऊन आला, म्हणाला, आई, यात मासे ठेवायचे. म्हटलं, किती दिवस? म्हणाला, कायमचे.

रोद अल-फरगमधल्या आमच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही आणि माशांना बंगला. पण हमदी वीज कंपनीत मीटर वाचतो, दिवसभर लोकांचे जिने चढतो. म्हटलं, असू दे, पोराला विरंगुळा.

मासे दिले गिर्गिसने. चर्चमागच्या बोळात त्याचं दुकान आहे. म्हातारा तिरसट, पण माशांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. कुणालाही मासे द्यायचा नाही, आधी तासभर शिकवणी घ्यायचा. मी होते तेव्हा हमदीबरोबर; मला तो उम्म हमदी म्हणतो, म्हणजे हमदीची आई. म्हणाला, हे सिक्लिड. खाली दक्षिणेतल्या तळ्यातले. आपल्या बोल्टीचेच भाऊबंद, फक्त रंगाने देखणे आणि स्वभावाने कजाग. एका रंगाचे दोन नर घेऊ नकोस, एक दुसऱ्याला फाडेल. दगड भरपूर रच, लपायला जागा पाहिजे. आणि दोन-चार घेऊन जाऊ नकोस, घ्यायचे तर वीस एकदम घे. थोडे असले की सगळे मिळून एकाच्याच मागे लागतात आणि त्याला मारूनच थांबतात. गर्दी असली की मार वाटला जातो.

हे मला लगेच पटलं. माझ्या सासरी आम्ही पाच सुना होतो, म्हणून तर मी जगले. आमच्या घरात बसीमा एकटीच होती.

बसीमा म्हणजे हमदीची बायको. बनी सुएफची, आईबाप नसलेली, भावाच्या घरातून उचलून आणलेली. भावाला चार मुली, दोन खोल्या, आणि भावजय अशी की पाण्याचा पेलाही मोजून द्यायची. कामाला वाघीण होती पोरगी, नाही म्हणणार नाही. पण डोळे घारे, आणि पुढच्या दातांत फट. आमच्याकडे अशा बाईला बाळंतिणीच्या खोलीत पाठवत नाहीत. मी लग्नाआधीच हमदीला म्हटलं होतं. तो हसला. दोन वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, तरी हसतच होता.

माशांचं सगळं तीच करायला लागली. आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायची, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालायची. वाटाणे उकडून, सालं काढून भरवायची. पिवळेधमक मासे, शेंदरी मासे, आणि सगळ्यांचा मुकादम म्हणजे काळ्या पट्ट्यांचा निळाशार नर, त्याचं नाव हमदीने पाशा ठेवलं होतं. ती नुसती समोर गेली की सगळे धावत काचेला चिकटायचे. मी गेले की दगडामागे.

हमदी कामावरून आला की पूर्वी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. आता चपला काढल्या की थेट पेटीसमोर. दोघं शेजारी शेजारी बसायची, सिनेमाला बसल्यासारखी. म्हणायचा, बसीमाचा हात लागला की मासेसुद्धा खुलतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. खोटं कशाला बोलू?

एका गुरुवारी ती पाशाकडे बघत बसली होती. म्हणाली, "कित्ती देखणा झालाय हा." बस, एवढंच. पुढे माशाअल्लाह नाही, काही नाही. माझ्या काळजात चर्र झालं. घाऱ्या डोळ्यांनी बघायचं, तोंडभर कौतुक करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे काय? मी तिला तिथल्या तिथे झापलं. तिने घाईघाईने माशाअल्लाह म्हटलं. पण सुटलेला बाण तो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारच्या नमाजाची बांग झाली की मी दर शुक्रवारी ऊद घालते, माझी आई घालायची तसा. कागदाची बाहुली कापायची, सुईने टोचायची, एकेक टोचा मारताना एकेकाचं नाव घ्यायचं. अमकीच्या नजरेतून, तमकीच्या नजरेतून. मग बाहुली निखाऱ्यावर जाळायची, वर ऊद आणि तुरटी. एरवी मी धुपाटणं घरभर फिरवते. त्या दिवशी खास पेटीखाली ठेवलं, स्टँडच्या तळाशी, त्या गुरगुरणाऱ्या हवेच्या पंपाशेजारी. म्हटलं, नजर जिथे लागली तिथेच धूर पाहिजे. देव साक्षी आहे, त्या दिवशी मी भलंच करायला गेले होते.

शनिवारी सकाळी पाशा पोट वर करून तरंगत होता.

हमदी लहान मुलासारखा रडला. बसीमा तर कोपऱ्यात जाऊन बसली. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. त्यानेही बघितलं मग. पुढच्या शुक्रवारी मी ऊद दुप्पट घातला आणि बाहुलीला टोचताना तिचं नाव मोठ्याने घेतलं, ती समोर उभी असताना. रात्रीपर्यंत तीन पिवळे गेले.

हमदीने पेटीतलं पाणी बाटलीत भरून मला दिलं, म्हणाला, मला सुट्टी नाही, गिर्गिसकाकांना दाखवून ये. मी मंगळवारी गेले. म्हाताऱ्याने पाणी उजेडात धरलं, हुंगलं, कसलेसे थेंब टाकून बघितले. मग विचारलं, घरात सिगारेट कोण ओढतं? म्हटलं, कुणी नाही. म्हणाला, शेगडी, रंगकाम, डासांचं औषध? नाही रे बाबा. मग त्याने माझ्या ओढणीचा वास घेतला, अगदी निर्लज्जासारखा वाकून.

"ऊद कुठे घालतेस, उम्म हमदी?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, की पेटीच्या बरोबर खाली, पंपाला लागून.

त्याने कपाळावर हात मारला. "पाण्यात दोष नाही, घरात आहे. तो पंप आजूबाजूची हवा ओढतो आणि नळीने पाण्यात सोडतो. तू खाली धूर करतेस, तो सगळा धूर त्यांच्या कल्ल्यांत जातो. तूच मारते आहेस त्यांना, बाई. पंप उचलून कपाटावर ठेव, नाहीतर ऊद बंद कर. पोराला सांग आजच."

सांगते म्हटलं आणि निघाले.

घरापर्यंत चालत आले. वाटेत उसाचा रस प्यायला बसले. पाशाला मी मारलं. आता घरी जाऊन सांगायचं, की तुझी बायको निर्दोष, तुझी आईच मूर्ख. आणि मग दोघं पुन्हा पेटीसमोर बसणार, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी भाजणार. रस संपला, मी दुसरा मागवला. तो संपवून उठले.

हमदी दारातच उभा होता. मी म्हटलं, "गिर्गिस म्हणाला, पाण्यात दोष नाही, घरात आहे." एक शब्द मी पदरचा घातला नाही. पुढचे तेवढे गिळले.

तो पुन्हा कधी गिर्गिसकडे गेला नाही, लाज वाटायची त्याला. ज्याच्या घरातच नजर आहे त्याने कुठल्या तोंडाने जायचं?

मी ऊद बंद केला नाही. पंपही हलवला नाही. फक्त मासे एकदम संपू नयेत म्हणून कधी जास्त घातला, कधी कमी. आठवड्याला एक, कधी दोन. बसीमा वाळत चालली. पेटीचं काम करताना मान खाली घालायची, ओढणी पुढे ओढायची. हमदी तिच्याशी बोलायचा तो भिंतीकडे बघून. मला वाईट वाटायचं का? एखाद्या दिवशी वाटायचं. पण त्याच दिवसांत तो पुन्हा माझ्या गुडघ्यांना तेल लावायला लागला होता.

मग एका शेंदरी मादीने तोंडात अंडी घेतली. हे मासे पिल्लं तोंडातच वाढवतात, बोल्टीसारखेच. बाजारात बोल्टी साफ करताना मी कितीदा बघितलंय, जबडा उघडला की भसकन पिल्लं बाहेर. तीन आठवडे मादी एक कण खात नाही, तोंड मिटून दगडाआड बसते. घाबरली तर स्वतःच गिळते नाहीतर थुंकून टाकते. तिचा गळा फुगला, अंग काटकीसारखं झालं. बसीमा लांबूनच डोकवायची, दर वेळी माशाअल्लाह, माशाअल्लाह. दोन शुक्रवार मीही हात आखडता घेतला. का ते मला विचारू नका.

मलुखियाची पातळ भाजी आणि भात वाढलेला होता तेव्हा हमदी बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलला.

"ही पिल्लं जगली तर या घरात नजरेचा विषय पुन्हा निघणार नाही. आईच्या तोंडूनसुद्धा नाही. आणि मेली तर तू भावाकडे जा. मला नाही सहन होत आता."

बसीमाने मान डोलावली. माझा घास तसाच हातात राहिला.

तिसरा शुक्रवार उजाडला. एक-दोन दिवसांत मादी पिल्लं सोडणार होती, जबड्याच्या पातळ कातडीतून इवले डोळे दिसायला लागले होते. मी ठरवलं होतं, आज ऊद नको. खरंच ठरवलं होतं. गुडघ्यांचं निमित्त करून पलंगावर पडून राहिले. हमदी नमाजाला गेला. बांग झाली आणि बसीमा माझ्या खोलीत आली. हातात धुपाटणं, निखारे लालबुंद फुललेले.

"आई, आज चुकवू नका. चांगला जास्त घाला. बाहुली मीच कापलीय, बघा. सगळे टोचे माझ्या नावाने मारा. माझ्या डोळ्यांत काय असेल ते आज जळून जाऊ दे."

मी म्हटलं, माझे पाय दुखतात.

म्हणाली, मग मी घालू? तुम्ही बसल्या जागेवरून नावं घ्या.

एक वाक्य पुरलं असतं. पंप कपाटावर ठेव, एवढंच. जिभेच्या टोकावर होतं, नाही कशाला म्हणू? पण मग तिने विचारलं असतं, का? आणि ती आज नाही तर उद्या हमदीला सांगणारच, आणि हमदी गिर्गिसकडे जाणारच. मी उशाशी ठेवलेली उदाची डबी तिच्या हातात दिली.

दारातून मला सगळं दिसत होतं. ती स्टँडपाशी गुडघ्यांवर बसली. बाहुली टोचली, स्वतःचं नाव घेतलं, परत टोचली. डबी सगळी उपडी केली निखाऱ्यांवर. धूर असा उठला की ती खोकायला लागली, तरी ओढणीने वारा घालत होती, पंपाच्या दिशेने. मी ओठ हलवत राहिले. हात मी कशालाच लावला नाही.

अर्ध्या तासात मासे वर आले. सगळे तोंड पाण्याबाहेर काढून आऽ आऽ करत होते. ती शेंदरी मादी शेवटपर्यंत तोंड मिटून होती. मग तिलाही श्वास पुरेना, तिने जबडा उघडला आणि वीस-पंचवीस पिल्लं धुरकट पाण्यात सांडली. बसीमा चहाच्या पेल्याने ती वेचत होती, पेल्यात घेऊन फुंकर मारत होती. हमदी नमाजाहून आला तेव्हा तिच्या हातात तो पेला होता. आत काही हलत नव्हतं.

त्यानेच तिची बॅग भरली. जाताना ती माझ्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली. "आई, तुमच्या घराचं मी वाटोळं केलं. मनापासून माफ करा," म्हणाली. मी म्हटलं, केलं माफ. महिन्याभरात काझीसमोर तलाकचा कागद झाला.

आता माझ्या बहिणीची मुलगी इनायत सून म्हणून घरात आली आहे. गोल चेहरा, काळेभोर डोळे, माझ्या शब्दाबाहेर नाही. पेटी रिकामी बघून तिनेच हट्ट धरला. मी गिर्गिसकडून वीस मासे आणले. त्याने विचारलं, पंप वर ठेवलास ना? म्हटलं, हो तर. आणि ठेवला मी, स्वतः स्टुलावर चढून, कपाटाच्या अगदी माथ्यावर, खिडकीशी. वर्ष होईल आता, एक मासा मेला नाही. दोनदा पिल्लं झाली. गल्लीतल्या बायका म्हणतात, इनायतचा पायगुण. हमदी म्हणतो, आई, तू पहिल्यापासून खरं सांगत होतीस.

परवा बनी सुएफची एक बाई लसूण विकायला आली होती, बसीमाच्या भावाच्या शेजारची. सांगत होती, भावाला चार मुलींवर मुलगा झाला. बसीमाच त्याचे लंगोट धुते, त्याच्यासाठी रात्र रात्र पेज ढवळते, पण तीन महिने झाले, त्याचं तोंड तिने बघितलेलं नाही. त्याच्या खोलीवरून जाताना ओढणी डोळ्यांवर बांधून, भिंत चाचपत जाते. कुणी सांगितलं नाही तिला, आपली आपणच.

बनी सुएफची गाडी दोन तासांत पोचते. मला ठाऊक आहे.

"गुणाची आहे हो पोर," ती बाई म्हणाली. मी म्हटलं, गुणाची तर होतीच. लसूण घेतला, तिला चहा पाजला. तेवढ्यात बांग झाली, शुक्रवार होता, म्हणून मी निखारे फुलवायला उठले.