नव्वद नंबरची शांतता

चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या कृष्णरावांच्या जुन्या डिझेल ट्रकला भूत लागल्याची बातमी अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात कामगारांच्या वसाहतीत पसरली. तिचा उगम एका निरुपद्रवी क्रियापदात होता. तुमसरचे लक्ष्मणराव मिस्त्री बॉनेटखाली कान लावून एवढेच म्हणाले होते, "बोलून राह्यलं जी." त्यांच्या धंद्यात बेरिंग झिजले की ते 'बोलते': फिरणाऱ्या क्रँकभोवतीची फट वाढते, धातूवर धातू आपटतो आणि इंजिनाच्या पोटातून ठक-ठक येऊ लागते. पण मिस्त्रींनी वाक्याचा कर्ता गाळला होता. वसाहतीने तो भरला. आदल्या हिवाळ्यात याच ट्रकमध्ये चिंधू ड्रायव्हर मेला होता. बोलायचेच तर दुसरे कोण बोलणार?

मालगाड्या भरायच्या रेल्वे साइडिंगकडे जाणारा रस्ता एका जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणीच्या काठाने उतरतो. त्या वळणावर चिंधूचे इंजिन जागच्या जागी आवळले, मागची चाके गच्च झाली आणि पाठीवरच्या मँगनीजने ट्रकला आडवे ढकलत पाण्यात नेले. चालकाचा ताबा सुटला, असे चौकशीत ठरले. मेलेल्या माणसाचा ताबा सुटलेला असतो, हे नाकारणे कोणालाही अवघडच. आधी ट्रक बाहेर काढला गेला, मग चिंधू. ट्रक धुतला, रंगवला, झिजलेला क्रँक घासून सारखा न करताच त्यावर नवे बेरिंग बसवले आणि स्टिअरिंगमागे सानगडीच्या धनीरामला आणून बसवले.

धनीराम तलावाखालच्या धानाच्या बांध्या सोडून आलेला माणूस होता. भुताखेतांवर त्याचा विश्वास होता आणि त्याबद्दल त्याला लाज नव्हती. पहिल्यांदा ठक-ठक ऐकली तेव्हा त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. पुढे ती रोजचीच झाली. इंजिन तापले की उतारावर ती सुरू व्हायची, आणि पाण्याकाठच्या वळणावर तर कोणी आतून दार वाजवत असल्यासारखी. एकट्या केबिनमध्ये तो तिला उत्तर देऊ लागला. "बोल गा चिंधूभाऊ," तो म्हणे, "आयकून राह्यलो." आणि गाडी हळू घेई.

कृष्णराव भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. गणेशोत्सवात 'विज्ञान आणि आपण' या विषयावर त्यांचे दरवर्षी व्याख्यान होत असे. मात्र भुताचे सोयीस्करपण त्यांना चांगले कळत होते. भूत कोणाकडे जाब मागत नाही, त्याला सुटे भाग लागत नाहीत, आणि त्याच्या नावावर एक मृत्यू लिहिता येत असेल, तर आणखीही लिहिता येतात.

त्यांच्या अंगणात मिस्त्रींनी शेवटचे सांगून पाहिले. "इंजन खोला मालक. क्रँक घासाले नागपूरले धाडा लागते."

"ऐन कामाच्या दिवसांत? जाड तेल टाक."

"या इंजनाले हिवाळ्यात तीस नंबर चालते, उन्हाळ्यात चाळीस. तुम्ही गेअरबॉक्सचं नव्वद म्हणून राह्यले. थंड सकाळी ते काकवीवानी बसून राहते. पंपाले खेचत नाही, वरपर्यंत पोचत नाही."

"आवाज बंद होते का नाही, तेवढं सांग."

"आवाज होते बंद," मिस्त्री म्हणाले, आणि डबा उघडला.

नरसाळे धनीरामनेच धरले होते.

जाड तेल हे सभ्यतेचे एक साधन आहे. ते झिजलेल्या जागी भरून राहते, तेलदाबाचा काटा उंच ठेवते, आपटणाऱ्या धातूला कुजबुजायला शिकवते, आणि झीज मात्र आपल्या गतीने चालू ठेवते. तरुण इंजिनाला त्याची गरज नसते. म्हाताऱ्या इंजिनाला ते पाजतात, कारण म्हातारे इंजिन खरे बोलू लागलेले असते.

दुसऱ्या सकाळी यादोराव भगताने चाकाखाली लिंबू चिरडले, नारळ फोडला आणि चिंधूच्या भुताला मंत्राने बसवले. ट्रक निघाला तो गप्प. वसाहतीने हात जोडले. आदल्या दिवशी ज्याच्या हातात नरसाळे होते, त्या धनीरामनेही जोडले.

पण गप्प केबिन त्याला मानवेना. वळणावर सवयीने "बोल गा" म्हणावे, तर पलीकडे कोणी नाही. आवाजापेक्षा ही शांतता अधिक जवळ बसलेली असे, अगदी शेजारच्या सीटवर. ती त्याच्याबरोबर घरी येई आणि जेवताना समोर बसे.

चिंधूची बायको धुरपता खाणीच्या काठावर मँगनीज फोडून निवडायच्या कामाला होती. एका दुपारी धनीराम ट्रक भरला जाण्याची वाट पाहत तिच्या ढिगाजवळ टेकला.

"काय म्हणतात आमचे?" तिने विचारले. गावाला गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसे.

"गप आहेत वहिनी. भगतानं बसवलं त्याईले. आता भेव नाही."

धुरपताची हातोडी थांबली. "काय म्हणलं?"

"भेव नाही म्हणलो."

"तेई हासत आले होते घरी. म्हणे, धुरपते, गाडी गप झाली. मालकानं जाड तेल टाकवलं, आता भेव नाही. पोटभर जेवले. सकाळी गेले, ते..." तिने पदराने हात पुसले. "बोलत होते तवरी जित्ते होते, धनीराम. तू काहून तोंड बंद केलं त्याईचं?"

ती नवऱ्याबद्दल बोलत होती की इंजिनाबद्दल, हे धनीरामला कळेना. आणि मग एकाएकी कळले की दोहोंचे उत्तर एकच आहे. त्याच्या तळहातांना नरसाळ्याचा गार पत्रा आठवला. चिंधू त्याला भिववत नव्हता. आवाज होता तोवर तो स्वतःच गाडी हळू घेत होता. आता आवाज नव्हता, उतार तोच होता, आणि आत काहीतरी बिनबोभाट मरत चालले होते.

सकाळी ट्रक सुरू केला तेव्हा दाबाचा काटा बराच वेळ तळाशी पडून राहिला, आणि मग नको इतका वर चढला. धनीरामने खाणीचा रस्ता सोडला आणि ट्रक कृष्णरावांच्या दारात उभा केला. ते ओसरीवर चहा घेत होते. भंडाऱ्याला कसल्याशा सभेला जायचे होते, म्हणून धोतर कडक इस्त्रीचे होते.

"इकडे कायले बे?"

"तुम्हाले न्याले आलो जी. बसा बाजूले."

"ट्रकात?"

"भंडाऱ्याचा रस्ता उतारावरूनच जाते. मँगनीज भरतो, तुम्हाले घेतो आन् साइडिंगच्या पुढे उतरवून देतो. गाडी आता गप आहे."

कृष्णरावांनी ट्रककडे पाहिले. इंजिन मांजरासारखे गुरगुरत होते. ऐकू येण्यासारखा एकही दोष त्यात नव्हता. त्यांनी कप बशीत ठेवला.

"मी बसनं जाईन."

"काहून जी? भूत तर तुम्ही मानत नाही."

"म्हणलं ना, बसनं जाईन!"

तो आवाज व्याख्यानाचा नव्हता. आदल्या वर्षीच्या चौकशीला जे सापडले नाही, ते धनीरामला एका बसच्या उल्लेखात सापडले होते.

त्याने इंजिन बंद केले, पाना घेतला आणि ट्रकखाली शिरून तळाचा बोल्ट सोडला. काळे तेल घाई न करता, जाड दोरीसारखे घमेल्यात उतरले. मग मिस्त्रींकडून आणलेले तीस नंबर त्याने वरून ओतले. या वेळीही नरसाळे त्यानेच धरले.

"कोणाले इचारून करून राह्यला बे? उद्यापासून येऊ नोको!"

"नाही येत जी."

एव्हाना वसाहतीतली माणसे जमली होती. धुरपता पुढे होती. भगत यादोराव जरा मागे, कुंपणाच्या सोयीच्या बाजूला. इंजिन सुरू झाले. आधी नुसती घरघर. मग तेल तापले, पातळ झाले, फटीतून निसटले, आणि ओळखीचा आवाज आला: ठक. ठक-ठक. गर्दीतून एक बाई पुटपुटली, "आला वं माय." भगत निघून गेला.

"बंद कर ते!" कृष्णराव ओरडले.

"बोलू द्या जी. लय दिस गप होता."

धनीरामने हाताने ओढायचे अ‍ॅक्सिलरेटरचे बटण पूर्ण बाहेर खेचले, खाली उतरला आणि सगळ्यांना हात पसरून मागे सारले. आवाज वाढत गेला. ओसरीवरचा कप बशीत थरथरू लागला. कृष्णराव आत गेले. एकेक खिडकी बंद होत गेली, आणि आवाज बंद खिडक्यांतूनही आत जात राहिला. अखेर लोखंडाच्या पोटात काहीतरी तुटले, एक दांडा इंजिनाचे कवच फोडून बाहेर आला, आणि इंजिन जागच्या जागी आवळले: सपाट जमिनीवर, रिकाम्या केबिनसह, कोणालाही सोबत न घेता.

धूर विरला. मग धुरपता पुढे गेली. चिंधूला पाण्यातून काढले तेव्हा तिला जवळ जाऊ दिले नव्हते. आज कोणी अडवले नाही. फुटलेल्या लोखंडाशी ती वाकली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत बघत राहिली.